आगरकर आणि वादाचा निबंध

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय फळ्यावर आला की आपण काय करतो? अर्धे पान शापाला, अर्धे वरदानाला आणि शेवटी दोघांचीही समजूत! गुण मिळतात, पण वाद कुठे असतो? वादाचा निबंध खरोखर कसा लिहावा हे पाहायचे, तर माझ्या मते गोपाळ गणेश आगरकरांकडे जावे.

त्यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करीत ते शिकले. डेक्कन कॉलेजातल्या एकुलत्या एका सदऱ्याची गोष्ट आपण सर्वांनी शाळेतच ऐकली आहे. त्याच कॉलेजात त्यांना टिळक भेटले, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ही भेट सदऱ्याहून महत्त्वाची. मित्र आणि प्रतिपक्षी एकाच माणसात मिळण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, आगरकर त्याचे संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांचे बिनसले. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोखले सांभाळीत. त्याच वर्षी आगरकरांचे वाक्यमीमांसेवरचे पुस्तक निघाले. समाजाला हादरे देणारा हा माणूस वाक्याचे पृथक्करणही तितक्याच आस्थेने करीत बसला होता, याचे मला फार नवल वाटते. कदाचित नवल वाटायला नकोही. ज्याला वाक्य सोडवता येते त्यालाच रूढी सोडवता येत असावी.

त्यांच्या एका निबंधाचे नावच पाहा : ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’. मथळ्यातच पक्ष उघड! वाचकाला शेवटच्या परिच्छेदापर्यंत ताटकळत ठेवणे नाही. मग कारणे येतात, आणि ती धर्मग्रंथाच्या आधाराने नव्हे, तर सोय, आरोग्य, न्याय अशा कोणालाही तपासता येणाऱ्या गोष्टींच्या आधाराने. विरुद्ध बाजूचा आक्षेप ते टाळत नाहीत. तो पुढे घेऊन त्याला उत्तर देतात. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. सुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, परक्या सरकारच्या कायद्याने नव्हे, हा टिळकांचा आक्षेप काही कच्चा नव्हता. पण लोक शिकेपर्यंत त्या अजाण मुलींनी काय करायचे? आगरकर कायद्याच्या बाजूने ठाम उभे राहिले. समोर इतका तगडा प्रतिपक्षी नसता, तर त्यांच्या युक्तिवादाला एवढी धार आली असती की नाही, कोण जाणे.

त्यांचे सारेच घ्यावे असे मी म्हणणार नाही. वाक्ये कधीकधी इतकी लांबतात की आपल्याला दम लागतो. उपहासही असा झोंबरा, की ज्याला पटवायचे तोच दुखावून दूर जावा. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. अर्थात तिला नुसती शैली जबाबदार नव्हती.

१८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्याने शरीर पोखरले होते, तरी लेखणी थांबली नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, ते गेले. ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख आला, तो टिळकांनी लिहिला होता.