लोणावळ्याची मागणी आणि मुक्तीचे तंबू
(पंडिता रमाबाई यांच्या चरित्रातून)

उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाडातील शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. पऱ्हाटी उपटून झालेली असते, ज्वारी घरात आलेली असते, आणि मृगाला अजून अवकाश असतो. ह्याच दिवसांत ठिकठिकाणी ख्रिस्ती मंडळ्यांची शिबिरे भरतात. मूर्तिजापूरकडच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनी शिदोरी बांधून अशा मेळाव्यांस जातात, चार दिवस भजनप्रार्थनेत घालवितात, आणि भरल्या मनाने परत येतात. परंतु तंबू उतरल्यावर त्या चार दिवसांचे काय होते, हा प्रश्न उपदेशकांस व मंडळीच्या वडिलांस नेहमी पडतो. ह्या प्रश्नाचा विचार करताना पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील एक गोष्ट वाचकांपुढे ठेवणे आम्हांस योग्य वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये ही त्या काळची रूढी मोडून त्यांनी आपल्या पत्नीस शिकविले, आणि लोकांचा रोष पत्करून ते रानात जाऊन राहिले. आईने पहाटे उठवून रमाबाईंस संस्कृत शिकविले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरत राहिले. दुष्काळात त्यांची अन्नान्नदशा झाली. आईबाप गेले, वडील बहीणही निवर्तली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास एवढेच उरले. उपास म्हणजे काय, झाडपाला खाऊन दिवस काढणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे जे घडले ते समजण्यास ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या विद्वत्तेवर प्रसन्न होऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचाही अंत झाला. मनोरमा ही लहान मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या, आणि तेथे वाँटेज गावी २९ सप्टेंबर रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. मग अमेरिकेत जाऊन त्यांनी हिंदुस्थानातील विधवांची दशा लोकांस सांगितली. तेथील हितचिंतकांनी १८८७ साली एक मंडळ काढून दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, व पुढल्या वर्षी ते पुण्यास आणिले.

सदनात विधवा मुलींस शिक्षण मिळे. कोणावर धर्माची सक्ती नव्हती. परंतु बाई स्वतः प्रार्थनेस बसत तेव्हा दार बंद करीत नसत, आणि काही मुली आपण होऊन जवळ येऊन बसू लागल्या. ह्यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. बाईंचे मन दुखावले. तरी दार मात्र त्यांनी बंद केले नाही.

आता लोणावळ्याची गोष्ट. रानात तंबू ठोकून, घरदार मागे ठेवून, काही दिवस उपदेश ऐकण्यात व प्रार्थनेत घालविण्याची चाल अमेरिकेत १८०० च्या सुमारास पडली. तिला कँप मीटिंग म्हणत. मिशनरी मंडळींनी ती चाल हिंदुस्थानात आणिली, आणि मुंबई इलाख्यात ह्या मेळाव्यांसाठी घाटावरील लोणावळे हे ठिकाण निवडले. आमच्या वऱ्हाडास जसे चिखलदरा, तसे मुंबई-पुण्याच्या लोकांस लोणावळे हे थंड हवेचे ठिकाण होय.

१८९६ साली रमाबाई ह्या मेळाव्यास गेल्या. बरोबर सदनातील पंधरा मुली होत्या. ह्या पंधराजणी प्रभूवर विश्वास ठेविलेल्या होत्या, आणि बाई त्यांस आपली आत्मिक लेकरे समजत. एके दिवशी पहाटे बाई एकट्याच रानात निवांत जागी गेल्या. सूर्य वर येत होता. आपल्या देशातील अंधारात बसलेल्या माणसांच्या अंतःकरणात असाच उजेड केव्हा पडेल, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी पंधरा लेकरांबद्दल देवाचे उपकार मानिले, आणि मग एक विलक्षण मागणी केली. पुढील मेळावा भरण्यापूर्वी ह्या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे पंधरा पंधरे दोनशे पंचवीस व्हावीत, असे त्यांनी देवाजवळ मागितले.

मागितले खरे, पण लगेच शंकेने त्यांस घेरिले. शारदा सदनात त्या वेळी मुळातच दोनशे पंचवीस मुली नव्हत्या. तीन वर्षांपूर्वीचे वादळ लोक विसरले नव्हते, तेव्हा नव्या मुली कोण पाठविणार? शिवाय अमेरिकेतील मंडळाची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. अशा स्थितीत यिर्मयाच्या ग्रंथातील एक वचन त्यांच्या नजरेस पडले. देवाला अशक्य असे काही आहे काय, हा त्याचा आशय. बाईंनी आपली मागणी त्या वचनाजवळ लिहून ठेविली, मेळावा आटोपला, आणि त्या पुण्यास परतल्या.

ह्यानंतर काय झाले ते वाचकांनी नीट पाहावे. उत्तर आले ते सुखाच्या वाटेने आले नाही. त्याच वर्षी पाऊस गेला, आणि मध्य प्रांतात व उत्तरेकडील मुलखात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या वाचून बाईंस आपले बाळपण आठवले. आपण कशा वाचलो, आणि आपल्यासारख्या किती मुली आज रस्त्यावर असतील, ह्या विचाराने त्यांस चैन पडेना. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. सरकारी दुष्काळी कामांवर व अन्नछत्रांत त्यांनी हाडांचे सापळे झालेली माणसे पाहिली. त्याहून वाईट म्हणजे, निराधार विधवा व पोरक्या मुलींस फसवून नेणारे दुष्ट लोक तेथे टपून बसलेले त्यांस आढळले. पोटासाठी अब्रू विकण्याची पाळी त्या मुलींवर आली होती. बाईंच्या हाती पैसा नव्हता आणि पुण्याच्या घरात जागा नव्हती. तरी त्यांनी मुली घेण्यास आरंभ केला आणि तीनशेच्या आसपास मुली गोळा केल्या. ह्या मुली रोगी, उवांनी भरलेल्या, भुकेने पिसाळलेल्या होत्या. कित्येकींस शिव्या देणे व चोरी करणे एवढेच ठाऊक होते. त्यांस न्हाऊ घालणे, औषधपाणी करणे, अंगाला वस्त्र देणे, रात्रंदिवस जवळ बसणे हे काम सदनातील जुन्या मुलींवर पडले. लोणावळ्यास भजने गाइली तेव्हा असे काम पदरी पडेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

तशात पुण्यास प्लेग आला. इतक्या नव्या मुली शहरात ठेवू नयेत असा अधिकाऱ्यांचा हुकूम झाला. आता जावे कोठे? पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर, सुमारे ३४ मैलांवर, केडगाव येथे बाईंनी पूर्वीच शंभरेक एकर जमीन घेऊन ठेविली होती. अमेरिकेची मदत थांबल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा त्यांचा हेतू होता. त्या उघड्या माळावर घर नव्हते. तेव्हा बाईंनी तंबू व झोपड्या उभारून मुली तेथे नेल्या. चार दिवसांच्या मेळाव्यात शिकलेले राहुटीतले जीवन आता रोजचे झाले. ह्याच वस्तीस त्यांनी मुक्ती हे नाव दिले. १८९७ च्या नोव्हेंबरात ह्या मंडळीतील शंभराहून अधिक मुलींनी व स्त्रियांनी बाप्तिस्मा घेण्याचा निश्चय केला, आणि बैलगाड्यांतून जाऊन भीमा नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

दुष्काळ तेवढ्यावर थांबला नाही. १८९९-१९०० सालचा दुष्काळ आमच्या वऱ्हाडातील वृद्धांच्या तोंडी पुढे पुष्कळ वर्षे होता; गुजराथ व राजपुतान्यात तर त्याने कहर केला. मुक्तीची माणसे पुन्हा बाहेर पडली, आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पंधरांच्या वर्गाची मागणी करिताना ज्यांची छाती धडधडली होती, त्या बाईंस आता रोज दोन हजार तोंडांना अन्न पुरवावे लागत होते. त्यांनी कोणाकडे ठरीव पगाराची हमी मागितली नाही. प्रार्थना केली आणि काम केले. विहिरी खणल्या, शेत केले, गाईगुरे पाळिली. माग, तेलाचा घाणा, शिवणकाम, छापखाना ही सर्व कामे मुलींच्याच हाती होती. आंधळ्यांसाठी, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी, म्हाताऱ्यांसाठी निरनिराळी सदने झाली. मनोरमाबाईंनी अंधांची लिपी शिकून आंधळ्या मुलींस वाचावयास शिकविले. भाकरीबरोबर हाताला काम आणि डोळ्यांना अक्षर दिल्याशिवाय दान पुरे होत नाही, हे बाईंचे मत होते.

१९०५ च्या आरंभी बाईंनी मुलींस रोज एकत्र प्रार्थना करण्यास सांगितले. थोड्यांनी आरंभ केला आणि पाहता पाहता ती संख्या शेकड्यांवर गेली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात मुक्तीत मोठी आत्मिक जागृती झाली. मुली रडून पापे कबूल करू लागल्या, चोरलेल्या वस्तू परत आणून देऊ लागल्या, वैरे मिटवू लागल्या. हा आवाज व ही रडारड पाहून कित्येक मिशनरी व शिकलेले लोक साशंक झाले. बाईंनी मात्र आवाजावरून निकाल केला नाही. फळ काय येते ते त्या पाहत राहिल्या. मुलींच्या टोळ्या करून त्यांस आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास पाठविण्यात येई. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स ह्या अमेरिकन बाईंनी १९०६ साली ह्या जागृतीवर एक लहान पुस्तक लिहिले. ते दक्षिण अमेरिकेतील चिली देशात जाऊन पोहोचले, आणि १९०९ साली तेथील मंडळ्यांत जी जागृती झाली तिला ह्या पुस्तकाची प्रेरणा होती. केडगावच्या माळावरील प्रार्थना सातासमुद्रांपलीकडे अशी गेली.

मुक्तीत वाढलेल्या अनेक मुली महाराष्ट्रातील मंडळ्यांत शिक्षिका, परिचारिका व बायबलबाया म्हणून गेल्या, आणि ख्रिस्ती घरांत सुना म्हणून नांदल्या. ज्या मुली अन्नछत्राच्या दारात मरावयाच्या, त्या दुसऱ्यांस जगविणाऱ्या झाल्या.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी आणखी एक मोठे काम हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित बायकांस समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून उतरावे, असे त्यांनी मनात धरिले. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या मुलींनीच खिळे जुळवून ते छापले. काम चालू असताच, १९२१ च्या जुलैत, आईचा उजवा हात असलेल्या मनोरमाबाई निवर्तल्या. तरी बाईंनी लेखणी खाली ठेविली नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. त्यांचे भाषांतर १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. मुक्तीचे काम मात्र त्यांच्याबरोबर संपले नाही. शंभर वर्षे लोटली तरी केडगावी निराधार स्त्रियांस व मुलींस आजही आसरा मिळतो.

वाचकहो, लोणावळ्याचा तो मेळावा काही दिवसांत आटोपला. तंबू उतरले आणि मंडळी आपापल्या गावी गेली. तेथे कोणी काय उपदेश केला हे आज फारसे कोणास सांगता येणार नाही. परंतु त्या रानात एका बाईने मागितलेली गोष्ट अजून उभी आहे. ती का टिकली, ह्याचा आम्ही विचार केला तेव्हा दोन कारणे दिसली. एक तर बाईंनी आपल्यासाठी काही मागितले नाही. ज्यांचे तोंडही त्यांनी अजून पाहिले नव्हते, अशा मुली मागितल्या. दुसरे, उत्तर ओंगळ, रोगी व उपाशी रूपाने दारात येऊन उभे राहिले, तेव्हा हे मी मागितलेच नव्हते, असे त्या म्हणाल्या नाहीत. पुष्कळांची प्रार्थना येथेच फसते. मागताना आपण प्रकाश मागतो, आणि देव दाराशी एक भुकेले पोर आणून सोडतो. मग आपण दार लावून घेऊन पुन्हा प्रकाशाची वाट पाहत बसतो.

म्हणून उपदेशक बंधूंस आमचे सांगणे आहे की, शिबिरास किती माणसे आली आणि भजन किती रंगले हे वहीत अवश्य लिहावे. पण वर्षभराने ती वही पुन्हा उघडावी आणि पुढचे पान भरावे. त्या दिवसांनंतर गावातील कोणत्या पोरक्या मुलाच्या घरी दिवा लागला, कोणत्या विधवेचे शेत वेळेवर पेरले गेले, दारूत बुडालेल्या कोणत्या घराची वेस मंडळीने ओलांडली, आणि कोणती मुलगी शाळेत बसली, हे तेथे लिहावे. त्या पानावर एक जरी नाव आले, तरी त्या गावचा तंबू अजून उतरलेला नाही असे समजावे.