विश्लेषण : ‘तुंबाड’मधल्या भीतीचे मूळ मराठी कथेत, नारायण धारप कोण होते?

‘तुंबाड’ पाहिलेल्या कोणालाही विचारा, आधी आठवते ती साखळदंडाने बांधलेली म्हातारी. घरात मूल एकटे आहे, आतल्या खोलीत म्हातारी आहे आणि ती जागी होता कामा नये. या प्रसंगाचे मूळ एका मराठी भयकथेत आहे. ती कथा चित्रपटाच्या दिग्दर्शकापर्यंत पोहोचली, तीही विदर्भातल्या जंगलात. कथेचे लेखक होते नारायण धारप. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली.

धारप कोण होते?

नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. शिक्षणाने ते तंत्रज्ञानाचे पदवीधर. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. (टेक) ही पदवी त्यांच्याकडे होती. ज्या पिढीत अशी पदवी म्हणजे कारखान्यातली पक्की नोकरी, त्या पिढीतल्या या माणसाने भूत, चेटूक आणि परग्रहावरचे जीव यांच्यावर शंभराहून जास्त पुस्तके लिहिली. १८ ऑगस्ट २००८ रोजी, वयाची ८३ वर्षे पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी असताना, त्यांचे निधन झाले.

‘लुचाई’, ‘शपथ’, ‘चेटकीण’, ‘४४० चंदनवाडी’, ‘ग्रहण’ ही त्यांची गाजलेली पुस्तके. ‘नेनचिम’, ‘गोग्रॅमचा चितार’ यांसारख्या पुस्तकांतून त्यांनी विज्ञानकथाही लिहिली. साहित्याच्या चर्चेत त्यांचे नाव फारसे येत नसे, कारण भयकथा म्हणजे प्रवासात वाचून सोडून द्यायचा माल असा समज होता. पण वाचनालयांच्या कपाटात त्यांची पुस्तके हातोहात फिरून खिळखिळी व्हायची. धारपांना वाचकांनी मोठे केले ते असे.

त्यांची भीती वेगळी का वाटते?

धारपांच्या कथेत पहिल्या पानावर भूत येत नाही. आधी येते एक साधे घर, नोकरदार माणूस, नवी बदली किंवा वारसाहक्काने मिळालेला वाडा. मग एखादी गोष्ट जराशी खटकते. माणूस तिचे नेहमीचे कारण शोधतो : वारा असेल, उंदीर असेल, मनाचे खेळ असतील. एकेक कारण गळत जाते आणि शेवटी जे उरते ते भयंकर असते. यंत्रातला बिघाड शोधायची पद्धतही अशीच असते. तंत्रज्ञानाचे शिक्षण त्यांच्या लेखनात उतरले ते इथे.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे समर्थ. अमानवी शक्तींशी लढणारा हा नायक आणि त्याचे सहकारी अप्पा जोशी यांच्या कथांची मोठी मालिका धारपांनी लिहिली. त्यांच्या बहुतेक कथांत शेवटी वाईटाचा पाडाव होतो. वाचक घाबरतो, पण पुस्तक मिटताना त्याला धीर मिळालेला असतो.

अमेरिकेतून मराठी वाड्यापर्यंत : ही परंपरा काय आहे?

धारपांचे साहित्यिक पूर्वज शोधायचे तर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत जावे लागते. एडगर ॲलन पो यांचा जन्म १८०९ चा, बोस्टनमधला. तीन वर्षांचे होण्याआधीच आई गेली, पुढे क्षयाने पत्नी गेली, पैसा कधी टिकला नाही आणि १८४९ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी बाल्टिमोरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. एवढ्याशा आयुष्यात त्यांनी भयकथेला बाहेरच्या भुताकडून माणसाच्या मनाकडे वळवले. १८४१ मधली त्यांची एक कथा आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात मानली जाते.

पो यांचा वारसा एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९० ते १९३७) यांनी पुढे नेला. माणसाला न कळणारे, विश्वाच्या पलीकडून आलेले प्राचीन देव ही त्यांची कल्पना. त्यानंतर आले स्टीफन किंग. त्यांनी ही भीती छोट्या गावात आणि शेजारच्या घरात आणली. धारपांवर लव्हक्राफ्ट आणि किंग या दोघांचाही ठसा स्पष्ट दिसतो.

एक गंमत अशी की ‘तुंबाड’मधल्या ‘हस्तर’शी जुळणारे ‘हस्तुर’ हे नाव एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन लेखक ॲम्ब्रोज बिअर्स यांच्या कथेत आहे. ते पुढे लव्हक्राफ्ट यांनीही वापरले.

मग धारपांनी नक्कल केली का?

हा आक्षेप जुना आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘लुचाई’ किंग यांच्या १९७५ मधल्या ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीवर बेतलेली आहे. ‘शपथ’चे १९८६ मधल्या ‘इट’शी असलेले साम्यही उघड आहे. आजच्या कॉपीराइटच्या कसोटीवर असे लेखन सहज खपणार नाही.

पण दुसरी बाजूही पाहावी लागते. इंग्रजी पुस्तके मिळणे आणि वाचणे दोन्ही अवघड असलेल्या वाचकाला धारपांनी ही दुनिया आपल्या भाषेत दिली. तीही केवळ नावे बदलून नव्हे. माजघर, देवघर, बोळ आणि विहीर यांच्यात ती भीती त्यांनी अशी मुरवली की ती परदेशी वाटेनाशी झाली. मूळ कथानकाचे श्रेय किंग यांचे. मराठी वाचकाला रात्री पाणी प्यायला उठू न देण्याचे श्रेय मात्र धारपांचेच.

नागझिऱ्याच्या जंगलात काय घडले?

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितल्यानुसार, १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात मित्राने त्यांना एक गोष्ट ऐकवली आणि ते कमालीचे घाबरले. ती धारपांची ‘आजी’ ही कथा होती, हे त्यांना नंतर कळले. गडचिरोलीतल्या देसाईगंजकडून वर गेले की लागणाऱ्या गोंदिया आणि त्याच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात हे जंगल पसरले आहे. ‘आजी’चे मूळही किंग यांच्या १९८४ मधल्या ‘ग्रॅमा’ या कथेत आहे. म्हणजे अमेरिकेतली कथा मराठीत आली, मग तोंडी सांगितली गेली आणि शेवटी पडद्यावर पोहोचली.

‘तुंबाड’ हे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतले आहे. चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली.

भयकथांमुळे अंधश्रद्धा वाढते का?

चंद्रपूर आणि गडचिरोलीत हा प्रश्न पुस्तकी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे याच संशयातून एक महिला आणि एक पुरुष यांना जाळून मारण्यात आले. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. एखाद्यावर करणीचा ठपका ठेवून त्याचे जगणे अवघड करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड.

अशा घटनांमागे आजाराचे न कळलेले कारण, उपचाराला झालेला उशीर, जमिनीचा वाद किंवा जुने वैर असते. कथा-कादंबऱ्यांकडे बोट दाखवून ही कारणे झाकता येणार नाहीत. तरीही ‘चेटकीण’ हा शब्द पुस्तकात करमणुकीचा असला तरी गावात तो जिवावर बेतू शकतो, हे वाचकाने विसरू नये. धारपांची पात्रे आधी साधे कारण शोधतात आणि मगच दुसरा विचार करतात. हा क्रम खऱ्या आयुष्यात पाळला, तर साध्या कारणापाशीच शोध संपतो.

आज धारप कुठे वाचायला मिळतील?

साकेत प्रकाशनाने त्यांची अनेक पुस्तके नव्याने छापली आहेत. ‘अनोळखी दिशा’ या नावाने त्यांच्या कथांवर स्टार प्रवाह वाहिनीवर मालिका आली, तर झी मराठीवरची २०१८ मधली ‘ग्रहण’ ही मालिका त्यांच्या कादंबरीवर आधारित होती. नव्याने सुरुवात करायची असेल तर आधी समर्थांच्या कथा घ्या, मग ‘लुचाई’. शक्यतो दिवसा.