जोसेफ एफ. स्मिथ : पंधरा वर्षांचा उपदेशक

हें चरित्र येथें पाहून आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. मॉर्मन पंथाच्या शिक्षणाशीं आमचा मेळ नाहीं. पवित्र शास्त्राच्या जोडीस दुसरे ग्रंथ ठेवणें आम्हांस मान्य नाहीं, आणि त्या पंथांत एके काळीं चाललेली अनेक बायका करण्याची चालहि मान्य नाहीं. तरी शेजारी कोण हें शिकवितांना प्रभूनें उदाहरण घेतलें तें एका शोमरोन्याचें, ज्याची उपासना यहूदी लोक चुकीची मानीत. तेव्हां एका मॉर्मन मुलापासून कांहीं शिकण्यासारखें असेल, तर तें आपण न लाजतां शिकावें.

जोसेफ एफ. स्मिथ ह्याचा जन्म १३ नोव्हेंबर १८३८ रोजीं अमेरिकेंतील मिसूरी प्रांतांत फार वेस्ट ह्या गांवीं झाला. त्याचा चुलता जोसेफ स्मिथ हा मॉर्मन पंथाचा संस्थापक, व बाप हायरम हा त्याचा मोठा आधार. २७ जून १८४४ रोजीं इलिनॉय प्रांतांतील कार्थेज येथील तुरुंगांत जमावानें ह्या दोघां भावांस गोळ्या घालून ठार केलें. तेव्हां आमचा चरित्रनायक अवघा पांच वर्षांचा होता. पुढें १८४८ सालीं त्याची विधवा आई मेरी आपल्या लेंकरांस घेऊन बैलगाड्यांनीं सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत गेली. वाटेनें नऊ वर्षांचा जोसेफ स्वतः एक गाडी हांकीत होता. १८५२ सालीं आईहि वारली, व तीं मुलें पोरकीं झालीं.

असें वाढलेलें मूल रागीट व्हावें ह्यांत आश्चर्य नाहीं. एके दिवशीं शाळेंत पंतोजी त्याच्या धाकट्या बहिणीस चामड्याच्या पट्ट्यानें मारावयास निघाले. जोसेफ आडवा आला, आणि पंतोजी त्याच्यावर उलटतांच त्यानें त्यांनाच चोपून काढलें. त्याची शाळा तेथेंच संपली. त्यानंतर लवकरच, एप्रिल १८५४ च्या सभेंत, मंडळीच्या वडिलांनीं त्याचें नांव हवाई बेटांवर पाठवावयाच्या उपदेशकांत घातलें. त्याचें वय पंधरा वर्षांचें होतें. त्या पंथांत अशा उपदेशकास पगार नसे, म्हणून त्यानें कॅलिफोर्नियांत मजुरी करून जहाजाचें भाडें मिळविलें, आणि सप्टेंबर १८५४ मध्यें तो होनोलुलू बंदरांत उतरला.

हीं बेटें ख्रिस्ताच्या नांवास नवीं नव्हतीं. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले, त्याच बोर्डाचे मिशनरी १८२० सालीं हवाईस पोहोंचले होते. त्यांनीं लोकांस वाचावयास शिकविलें आणि १८३९ पर्यंत सगळें पवित्र शास्त्र त्यांच्या भाषेंत छापून दिलें. मॉर्मन उपदेशक तेथें १८५० च्या अखेरीस आले. परंतु परदेशी जहाजांबरोबर रोगहि येत असत, व १८५३ सालीं देवीच्या सांथीनें हजारों माणसें मेलीं होतीं. अशा दुःखी लोकांमध्यें हा मुलगा आला. त्याला त्यांची भाषा येत नव्हती व जवळ पैसाहि नव्हता.

त्याची नेमणूक माउई बेटावर झाली. तो तेथील लोकांच्या झोंपड्यांत राहूं लागला, त्यांच्या चटईवर निजूं लागला, आणि अळूच्या कंदाची पोई त्यांच्याबरोबर खाऊं लागला. भाषेसाठीं त्यानें देवाजवळ मागितलें आणि रात्रंदिवस मेहनतहि केली. सुमारें शंभर दिवसांत तो त्या लोकांशीं त्यांच्याच बोलींत बोलूं व उपदेश करूं लागला. पुढें माउई, हवाई व मोलोकाई ह्या बेटांवरील लहान मंडळ्यांची देखरेख त्याजकडे आली. तो गांवोगांव फिरे, दुखणाइतांजवळ बसून प्रार्थना करी व भांडणें मिटवी. एकदां लानाई बेटावर घराला आग लागून त्याची कपड्यांची पेटी जळाली. मग त्याच्यांत व त्याच्या सोबत्यांत एकच पोषाख उरला. एकजण तो घालून सभेस जाई, तेव्हां दुसरा अंथरुणांतच राही.

परंतु ज्या गोष्टीकरितां आम्ही हें चरित्र सांगत आहों ती निराळीच आहे. बेटांवर असतांना जोसेफ तापानें अंथरुणास खिळला. दुखणें तीन महिने चाललें. त्या वेळीं मा माहुही नांवाच्या एका हवाई बाईनें त्याला पोटच्या मुलाप्रमाणें संभाळिलें. ज्या लोकांस कांहीं देण्यासाठीं तो समुद्र ओलांडून आला होता, त्यांच्यांतीलच एका बाईच्या हातून त्याला पाणी प्यावें लागलें. शोमरोन्याच्या दाखल्यांत आपण उपदेशक सदा त्या दयाळू वाटसरूच्या जागीं स्वतःस पाहतों. ह्या मुलाला वाटेवर पडलेल्या जखमी माणसाच्या जागीं निजावें लागलें. दुसऱ्याची सेवा करणें सोपें आहे, कारण तींत आपली मान ताठ राहते. दुसऱ्याची सेवा घेणें ही खरी कठीण शाळा आहे, आणि पंतोजींवर हात उगारणारा मुलगा त्या शाळेंत तीन महिने शिकला.

१८५७ सालीं त्याला परत बोलावणें आलें. कॅलिफोर्नियाहून घरीं जातांना वाटेवरच्या तळावर मॉर्मन लोकांस ठार मारण्याच्या गर्जना करीत कांहीं दांडगे स्वार आले. सोबतचे पुष्कळजण झाडींत लपले. सर्पण घेऊन येत असलेला जोसेफ मात्र तसाच पुढें चालत आला. तूं मॉर्मन आहेस काय, असें पिस्तूल रोखून विचारतांच त्यानें आपण पक्के मॉर्मन असल्याचें ठणकावून सांगितलें. त्या दांडग्यानें चकित होऊन त्याचा हात हातांत घेतला व तो निघून गेला. दुसऱ्यावर हात न उगारतां आपला विश्वास कबूल करण्याचें धैर्य तोंवर त्याच्या ठायीं आलें होतें.

१९०१ सालीं ते आपल्या पंथाचे अध्यक्ष झाले व मरेपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांना अनेक बायका होत्या, आणि त्याबद्दलच्या कायद्याच्या कचाट्यांतून सुटण्यासाठीं १८८५ ते १८८७ पर्यंत ते हवाईंतच जाऊन राहिले, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. १९०४ सालीं त्यांनींच असे नवे विवाह करणाऱ्यांस मंडळींतून काढण्याचें जाहीर केलें.

पुष्कळ वर्षांनीं ते होनोलुलूच्या धक्क्यावर उतरले, तेव्हां लोकांनीं त्यांस फुलांच्या माळांनीं झांकून टाकिलें. इतक्यांत नव्वदीच्या घरांतील एका आंधळ्या म्हातारीस कोणी हातीं धरून आणिलें. तिच्या हातांत भेट म्हणून थोडीं निवडक केळीं होतीं, आणि ती त्यांना त्यांच्या हवाई नांवानें, इओसेपा म्हणून, हांका मारीत होती. ती मा माहुही होती. ते सर्वांस सोडून धांवत गेले, तिला कवटाळून तिचे मुके घेतले, आणि तिला आई म्हणून रडले. मग आपल्या सोबत्यांकडे वळून, मी पोर असतांना, आजारी व निराधार असतांना, हिनेंच मला जगविलें, असें त्यांनीं त्यांस सांगितलें. १९ नोव्हेंबर १९१८ रोजीं, वयाचीं ऐंशीं वर्षें नुकतींच पुरीं झालीं असतां, ते सॉल्ट लेक शहरीं वारले.

वाचकहो, आपणहि शुभवर्तमान घेऊन शेजाऱ्याच्या दारीं जातों. पण त्याच्या घरची भाकर व पाणी आपण आनंदानें घेतों काय? आपल्या दुखण्यांत त्याला आपल्या उशाशीं बसूं देतों काय? ज्याचें ऋण आपण मान्य करितों, त्याच्यापुढें आपल्या तोंडचा उपदेश गर्वाचा राहत नाहीं. देव आपणांस देणारे हात देवो, आणि घेतांना न लाजणारे हातहि देवो.