वर्णपट वाचणारे पहिले भारतीय प्राध्यापक

हिवाळ्याच्या रात्री नाशिक शहराच्या दिव्यांपासून थोडे दूर गेले, की मृग नक्षत्रात एक अंधूक पांढुरका ठिपका दिसतो. हा तेजोमेघ कशाचा बनला आहे, हा एकोणिसाव्या शतकातील मोठा वादाचा प्रश्न होता. त्या वादात पुण्यातून ठाम साक्ष देणारे संशोधक म्हणजे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला.

१८५७ मध्ये जन्मलेले नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. सरकारनेही तेवढीच भर घातली. उपकरणे आणण्यासाठी ते १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे नॉर्मन लॉकियर आदी शास्त्रज्ञांनी त्यांना प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारण्याचा सल्ला दिला. त्यानुसार पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सज्ज झाली. ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली तिची २० इंची दुर्बीण पुढे कित्येक वर्षे देशातील सर्वांत मोठी ठरली.

तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, असे लॉकियर यांचे मत होते. तेजोमेघाच्या वर्णपटातील ठळक हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे ते मानत. तसे असते तर ती एका बाजूला पुसट दिसायला हवी होती. नायगमवाला यांना ती दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. वेधशाळेसाठी ज्यांनी वाट दाखविली, त्यांच्याच सिद्धान्ताला हा तडा होता. तरीही १८९१ मध्ये त्यांनी जे दिसले तेच प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी ती रेषा अतिविरळ वायूतील आयनीभूत ऑक्सिजनची असल्याचे सिद्ध केले.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद पडली. उपकरणे कोडाईकनालला गेली. पुण्यात त्यांचे काम पुढे नेणारा कोणी उरला नाही. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

ती हिरवी रेषा मात्र आजही बोलते. हायड्रोजन व हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ धातू म्हणतात. बटुदीर्घिकांमध्ये ते किती कमी आहेत, हे मुख्यतः ऑक्सिजनच्या अशा रेषांवरूनच कळते. कुंभ राशीतील, सुमारे साडेसात कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या किन्मन बटुदीर्घिकेत २००१ ते २०११ या काळात एका अस्थिर महाताऱ्याच्या खुणा वर्णपटात दिसत होत्या. २०१९ मध्ये त्या नाहीशा झाल्या. तारा धुळीआड गेला, की स्फोटाविनाच कृष्णविवर झाला, की त्या खुणा मुळात एखाद्या जुन्या स्फोटाच्याच होत्या, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. तो लावायचा, तर पुण्यात नायगमवाला यांनी पाळलेला नियमच पाळावा लागेल : मत कोणाचेही असो, रेषा जशी दिसेल तशीच नोंदवायची.