दर्यावरची वहिनी : झेंग यी साओ (१७७५–१८४४)

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या मालिकेतला तिसरा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात सिंगापूरचा चिनी कप्तान साओ फेंग आहे. टक्कल, लांब मिशा, अंगभर व्रणांच्या खुणा. पुढे जगभरच्या चाच्यांची सभा भरते, तिथे एक म्हातारी चिनी बाईसुद्धा बसलेली दिसते. तिचं नाव मिस्ट्रेस चिंग. पडद्यावर ती जेमतेम दोन-चार क्षण येते, म्हणून लक्षात राहते तो साओ फेंग. पण साओ फेंग हे कथेतलं पात्र आहे, आणि ती म्हातारी मात्र एका खऱ्याखुऱ्या बाईवरून घेतलेली आहे. आज आपण तिचं चरित्र पाहू.

आधी नावाची गंमत सांगतो. इतिहासात तिला झेंग यी साओ म्हणतात. झेंग हे आडनाव, यी हे नवऱ्याचं नाव, आणि साओ म्हणजे मोठ्या भावाची बायको. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर ‘झेंग यी वहिनी’! जिच्या हाताखाली हजारो माणसं आणि शेकडो जहाजं होती, तिला कागदोपत्री स्वतःचं नाव असं फारसं नाहीच. माहेरचं आडनाव शी, एवढं मिळतं. बाकी ती कायम कोणाची तरी बायको.

तिचा जन्म १७७५ सालचा, दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला. हा प्रांत म्हणजे नद्यांचं जाळं, खाड्या आणि समोर विखुरलेली शेकडो बेटं. कॅन्टन हे मोठं बंदर इथलंच. परदेशी व्यापाऱ्यांना चीनमध्ये फक्त याच बंदरात व्यापार करायची मुभा होती. मुंबईहून कापूस घेऊन निघालेली गलबतंसुद्धा याच पाण्यातून कॅन्टनला जात. किनाऱ्यावरची गरीब माणसं होडीतच जन्मायची, होडीतच मरायची. मासळी मिळाली नाही की चार महिने लुटालूट, मासळीचा हंगाम आला की परत जाळी. चाचेगिरी हा तिथल्या अनेकांचा जोडधंदाच होता म्हणा ना. ही मुलगी मोठी झाली ती कॅन्टनच्या पाण्यावर तरंगणाऱ्या कुंटणखान्याच्या होड्यांमध्ये. १८०१ साली झेंग यी नावाच्या चाच्यांच्या म्होरक्याने तिच्याशी लग्न केलं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

झेंग यीच्या घराण्यात चाचेगिरी पिढीजात होती. त्या काळात शेजारच्या व्हिएतनाममध्ये सत्तेसाठी युद्ध चाललं होतं आणि तिथल्या ताय सोन राजवटीने या चिनी चाच्यांना पदरी ठेवलं होतं. १८०२ मध्ये ती राजवट कोसळली. आश्रय गेला, पगार गेला, आणि हे सगळे तांडे परत चिनी किनाऱ्यावर येऊन एकमेकांवरच तुटून पडायला लागले. ही भांडणं झेंग यीने मिटवली. १८०५ साली सात म्होरक्यांनी एका करारावर सह्या केल्या. त्यांच्यातला एक लवकरच बाहेर पडला आणि सहा तांड्यांचा संघ उरला. प्रत्येक तांड्याला निशाणाचा एक रंग. सर्वांत मोठा लाल निशाणाचा तांडा झेंग यीचा, त्याच्या खालोखाल काळ्या निशाणाचा. या जुळवाजुळवीत बायकोचा हात मोठा होता असं इतिहासकार मानतात.

नोव्हेंबर १८०७ मध्ये झेंग यी अचानक मरण पावला. वय फक्त बेचाळीस. कोणी म्हणतं वादळात समुद्रात पडला, कोणी आणखी काही. त्याच्या पश्चात दोन मुलगे, त्यातला धाकटा तर त्याच वर्षी जन्मलेला.

आता जरा थांबून विचार करा. नवरा नुकताच गेलेला. सहा तांड्यांचे सहा म्होरके, प्रत्येकाची नजर मोठ्या खुर्चीवर. अशा वेळी एकट्या बाईचं काय व्हावं? तिने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिने तलवार उपसली नाही. ती आधी नात्यातल्या माणसांकडे गेली. झेंग यीचे पुतणे, चुलते, जुने सोबती, एकेकाला धरून तिने पाठिंबा पक्का केला. ‘वहिनी’ हे नातंच तिने भांडवल म्हणून वापरलं. मग लाल तांडा प्रत्यक्ष लढवायला तिला माणूस हवा होता. तो घरातच होता. झांग बाओ हा एका कोळ्याचा मुलगा. पंधरा वर्षांचा असताना झेंग यीने त्याला पकडून नेलं होतं आणि पुढे दत्तक घेतलं होतं. खलाशांना तो आवडायचा, लढाईत पुढे असायचा. तिने त्याला लाल तांड्याचा सेनापती केलं. काही काळाने दोघांचा संबंध नवरा-बायकोसारखा झाला. आपल्याला हे विचित्र वाटेल, तेव्हाच्या चिनी समाजालाही ते रुचणारं नव्हतंच. पण त्यामुळे सत्ता घरातच राहिली.

या तांड्यांचा कारभार कसा चालायचा? चित्रपटात चाचे दारू पितात, खजिना पुरतात आणि नकाशा हरवून बसतात. इथे तसं नव्हतं, बरं का. इथे हिशेबाच्या वह्या होत्या. लुटलेला माल आधी नोंदवायचा. दहा भागांतले दोन ज्याने लूट आणली त्याला, आठ सामाईक कोठारात. कोठारातून चोरी केली तर मृत्युदंड. परवानगीशिवाय किनाऱ्यावर गेलं तर सगळ्यांसमोर कानाला भोकं पाडायची, परत गेलं तर मृत्यू. पकडून आणलेल्या बायकांवर जबरदस्ती केली तरी मृत्यू.

हे नियम ‘तिचे’ म्हणून आज सगळीकडे सांगितले जातात. पण युआन युंगलुन या चिनी लेखकाने १८३० साली या चाच्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात ते झांग बाओच्या नावावर आहेत. मला विचाराल तर दोघांत वाटणी करायची गरज नाही. नियम कोणी का लिहिले असेनात, दोन वर्षं ते पाळले गेले ते तिच्या राज्यात.

कमाईचा मोठा भाग तर लुटीचा नव्हताच, तो होता परवान्यांचा. मिठाची गलबतं, व्यापारी जहाजं, कोळ्यांच्या होड्या, सगळ्यांनी पैसे भरून परवाना घ्यायचा. वाटेत दुसऱ्या चाच्याने अडवलं तर तो कागद दाखवायचा, की सुटका. वसुलीची ठिकाणं किनाऱ्यावर होती, अगदी कॅन्टन शहरातही. तुम्हाला इथे कान्होजी आंग्र्यांची दस्तकं आठवतील. आठवू द्या, पण फरकही लक्षात ठेवा. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल होते. चाचे ते इंग्रजांच्या लेखी. या बाईच्या मागे मात्र कुठलंही राज्य नव्हतं.

१८०८ हे साल चिनी सरकारला फार वाईट गेलं. प्रांताच्या आरमारातली १३५ पैकी ६३ जहाजं चाच्यांनी संपवली. मग नवा सुभेदार आला, बाई लिंग. त्याने निराळी युक्ती केली. सगळी जहाजं बंदरात थांबवा, माल खुश्कीच्या मार्गाने न्या, चाच्यांना धान्य-दारूगोळा मिळू देऊ नका. समुद्रावर लुटायला काही उरलंच नाही. तेव्हा १८०९ च्या उन्हाळ्यापासून चाचे नद्यांतून आत शिरले आणि गावांवर तुटून पडले.

त्या वेळचं आपल्याला बारकाईने कळतं ते रिचर्ड ग्लासपूल या इंग्रजामुळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा हा अधिकारी सप्टेंबर १८०९ मध्ये चाच्यांच्या हाती लागला आणि डिसेंबरपर्यंत कैदेत होता. सुटल्यावर त्याने सगळी हकीकत लिहून काढली. भातात शिजवलेल्या अळ्या खाऊन त्याने तीन आठवडे काढले. गोळी लागू नये म्हणून म्होरक्याची बायको त्याच्या अंगावर लसणाचं पाणी शिंपडायची! त्याच्या सुटकेसाठी रोख डॉलरांबरोबर लाल कापडाचे गठ्ठे, अफूच्या पेट्या, बंदुकीच्या दारूची पिंपं आणि एक दुर्बीणसुद्धा द्यावी लागली.

इथवर वाचताना मौज वाटते. पण त्याच हकीकतीत एका गावाची गोष्ट आहे. चाच्यांनी ते गाव लुटलं आणि सुमारे अडीचशे बायका धरून आणल्या. त्या पळू शकल्या नाहीत, कारण लहानपणापासून पाय बांधून त्यांची पावलं मुद्दाम खुंटवलेली होती. त्यातल्या शंभरेक जणींना घरच्यांनी पैसे भरून सोडवलं. उरलेल्या चाळीस-चाळीस डॉलरना तांड्यातल्याच माणसांना विकल्या गेल्या. विकत घेणाऱ्याची ती कायदेशीर बायको, आणि त्याने तिला टाकलं तर त्याला मृत्युदंड. कित्येक जणींनी समुद्रात उड्या टाकल्या.

म्हणजे बायकांवर जबरदस्ती करणाऱ्याला मृत्युदंड, हा नियम खरा. आणि चाळीस डॉलरचा भावही खरा. तांड्याची मालकीण एक बाई होती, तीही कधीकाळी पाण्यावरच्या बाजारातूनच वर आलेली. ‘बायकांचं रक्षण करणारी चाची राणी’ असं तिच्याबद्दल कौतुकाने लिहिलेलं वाचलं की मला त्या गावातल्या बायका आठवतात.

नोव्हेंबर १८०९ मध्ये लानताऊ बेटाजवळच्या खाडीत सरकारी आरमाराने आणि मकावच्या पोर्तुगिजांनी मिळून लाल तांडा कोंडला. सरकारने पेटती जहाजं वाऱ्यावर सोडली. चाच्यांनी ती ओढून किनाऱ्याला नेली, विझवली आणि फोडून जळणाला वापरली! शेवटी ते कोंडीतून निसटले. पण मदतीला काळ्या तांड्याचा म्होरका गुओ पोदाई आला नव्हता. भांडण पेटलं, आपापसात लढाई झाली, आणि जानेवारी १८१० मध्ये तो पाच हजारांहून जास्त माणसं घेऊन सरकारला शरण गेला. त्याला माफी मिळाली, वर हुद्दाही.

वहिनीने यातून काय ओळखलं? अजून आपली ताकद आहे, म्हणून अजून आपल्याला भाव आहे. वर्षभराने कदाचित नसेल. फेब्रुवारीत समुद्रावर सुभेदाराशी बोलणी सुरू झाली, पण जवळपास परकी जहाजं दिसली, दगा होतोय असा संशय आला आणि सगळं फिसकटलं. घोडं अडलं होतं ते एका गोष्टीवर : झांग बाओला काही जहाजं आणि माणसं स्वतःकडे ठेवायची होती.

मग एप्रिलमध्ये ती स्वतः निघाली. बरोबर सतरा बायका-मुलं, हत्यार एकही नाही. थेट कॅन्टनला सुभेदाराच्या कचेरीत. जिच्या डोक्यावर फाशीच होती, ती आपल्या पायाने आत गेली. तिला तिथे धरलं असतं तर झांग बाओ कधीच शरण आला नसता, हे सुभेदाराला समजत होतं, आणि त्याला ते समजतंय हे तिला ठाऊक होतं. बोलणी जमली. झांग बाओला लष्करी हुद्दा आणि वीस-तीस जहाजं ठेवायची मुभा मिळाली. २० एप्रिल १८१० रोजी १७,३१८ माणसं, २२६ जहाजं आणि १,३१५ तोफा सरकारजमा झाल्या. तिच्या स्वतःच्या हाताखालची २४ जहाजं त्यातच होती. बहुतेकांना माफी मिळाली, काही हद्दपार झाले, काहींना मृत्युदंड झाला.

पुढचं थोडक्यात. उरलेल्या चाच्यांना मोडायला सरकारने झांग बाओलाच पाठवलं. दोघांचं रीतसर लग्न झालं, मग फुजियान प्रांतात बदली, १८१३ मध्ये मुलगा. १८२२ मध्ये नोकरीत असतानाच झांग बाओ वारला. दोन वर्षांनी ती मुलाला घेऊन ग्वांगडोंगला परतली आणि तिने जुगाराचा अड्डा चालवला.

१८४० साली, पासष्टाव्या वर्षी, ती पुन्हा एकदा सरकारी कागदात दिसते. या वेळी फिर्यादी म्हणून. शरण येताना, १८१० मध्ये, झांग बाओने जमीनजुमला घ्यायला एका अधिकाऱ्याकडे २८,००० तेल चांदी दिली होती (तेल हे चिनी वजन, साधारण सदतीस ग्रॅमचं). ती त्याने गिळली, असं तिचं म्हणणं. तीस वर्षं तिने हा हिशेब विसरला नव्हता! पण तेव्हा कॅन्टनला होते लिन झेशू, अफूच्या पेट्या नष्ट करणारे प्रसिद्ध अधिकारी, आणि इंग्रजांशी युद्ध तोंडावर आलं होतं. त्यांच्या सल्ल्याने सम्राटाने फिर्याद फेटाळली. पैसे मिळाले नाहीत.

आणखी चार वर्षं ती जगली. १८४४ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, कॅन्टनजवळ तिला घरी मरण आलं.