गागोद्याचे विनोबा आणि पुढाऱ्यावाचून चालणारे गाव

बाडहूव्हडॉर्प (नेदरलँड्स) येथून

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचे मूळ गाव जुन्या कुलाबा जिल्ह्यातले. कोणी पेणकर, कोणी रोहेकर, कोणी नवगावकर. त्याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात, ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. पुढे ते विनोबा या नावाने जगाला माहीत झाले.

वडिलांच्या नोकरीमुळे त्यांचे शिक्षण बडोद्यास झाले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले व काशीस गेले. त्याच वर्षी अहमदाबादेस गांधीजींची भेट झाली आणि ते आश्रमवासी बनले. १९२१ साली ते वर्ध्यास आले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात पहिला मान गांधीजींनी त्यांनाच दिला.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी दलित कुटुंबांनी त्यांच्यापाशी ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी तेथल्या तेथे १०० एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ हा असा झाला. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे विनोबा गावोगाव पायी हिंडले. १९५२ साली उत्तर प्रदेशातील मंगरोठ गावाने आपली सारी जमीन दिली आणि त्यातून ग्रामदान निघाले.

ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, विसावा हिस्सा भूमिहीनांना मिळतो आणि गावातील प्रत्येक प्रौढ माणूस, स्त्री असो वा पुरुष, सभेत बसतो. निर्णय शक्यतो एकमताने होतो. बहुमताने एक बाजू जिंकते, पण दुसरी दुखावते व गाव दुभंगते, हे विनोबांना दिसत होते. वरून कोणी हुकूम सोडू नये आणि खाली गोंधळही माजू नये, अशा समाजाला ते शासनमुक्त समाज म्हणत. युरोपातील अराजकवादी याच वाटेचे, परंतु विनोबांनी हिंसा कधीच मानली नाही.

१९५९ साली पवनार येथे त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढले. तेथे मुख्य कोणी नाही. श्रम सर्वांचे, निर्णय सर्वांच्या संमतीचा.

गंमत अशी की, १९५८ साली मॅगसेसे पुरस्कार सुरू झाला, तेव्हा समाजनेतृत्वाचा पहिला पुरस्कार विनोबांनाच मिळाला! पुढारी नको म्हणणाऱ्या चळवळीचा सारा भार एकाच माणसावर होता, आणि त्याची किंमत पुढे द्यावी लागली. दानात मिळालेली पुष्कळ जमीन निकृष्ट निघाली, तर कित्येक ठिकाणी वाटपच झाले नाही. १९७४ साली जयप्रकाशांच्या बिहार आंदोलनावरून सर्व सेवा संघात दोन तट पडले. एकमत होईना, आणि सगळे विनोबांच्या तोंडाकडे पाहू लागले. त्यांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन धरले. पुढे आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेवरही बरीच टीका झाली. अन्न व औषध वर्ज्य करून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांनी देह ठेवला.

तरी बीज वाया गेले नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभा एकमताने कारभार करते. २००९ साली त्या गावाला आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०१३ साली गावकऱ्यांनी ग्रामदान स्वीकारले. तेथे एकाच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येत नाही, कारण प्रत्येकाला बोलण्याची सवय आहे.

आमचे बाडहूव्हडॉर्प पूर्वीच्या सरोवराच्या तळावर वसले आहे. १८५२ साली ते सरोवर कोरडे झाले. इथे बांध आणि पंप सांभाळणारी लोकनियुक्त पाणी-मंडळे शतकानुशतकांची आहेत, कारण पाणी एकट्या माणसाला आवरत नाही. पेणच्या खाडीकाठी खारबांध फुटला म्हणजे सारा गाव धावे, ते काही वेगळे नव्हते. आपल्या जमातीतही मुकादमाबरोबर चौगुले, गब्बाई व वडीलधारी मंडळी बसत. आज परदेशी आपल्या लहान लहान मंडळांत अध्यक्ष कोण, यावरून मने दुरावतात, तेव्हा गागोद्याच्या या माणसाची आठवण ठेवावी. त्याचे यश ध्यानात घ्यावे आणि अपयशही.