पानांचा हिशेब मांडणाऱ्या गॅब्रिएल हॉवर्ड



या अंकात आम्ही एका लंडनकर विदुषीची ओळख करून देत आहोत. त्यांची कर्मभूमी मात्र भारत होती.

गॅब्रिएल मॅथाई यांचा जन्म १८७६ साली केन्सिंग्टनमध्ये झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या शिकल्या. त्या काळी तेथे मुलींना परीक्षेला बसता येई, पण पदवी मिळत नसे. मुलींना पूर्ण पदवी मिळू लागली १९४८ मध्ये!

तेथेच त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांच्याबरोबर संशोधन केले. हाउन्सलोत कुंपणाला दिसते त्या चेरी लॉरेलचे पान काचेच्या बंद पेटीत ठेवायचे, प्रकाश व उष्णता कमीजास्त करायची आणि पानाने किती कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, घेतला ते मोजायचे. प्रकाश मंद असला की उष्णता वाढवूनही फारसा फरक पडेना. प्रकाश व कर्बवायू भरपूर असले, की मात्र उष्णतेबरोबर कामाचा वेग वाढे. म्हणजे प्रकाशसंश्लेषणात प्रकाशाखेरीज आणखी एक टप्पा असला पाहिजे! या टप्प्याला थेट प्रकाश लागत नाही. पहिल्या टप्प्यात मिळवलेली शक्ती वापरून पान येथे कर्बवायूपासून साखर बनवते.

पोळ्यांचे उदाहरण घेऊ. तवा म्हणजे प्रकाश, कणीक म्हणजे कर्बवायू. कणीक थोडी असेल तर तवा कितीही तापवा, पोळ्या वाढणार नाहीत. कणीक वाढवली तर वाढतील, पण तवा पुरा पडेल तोवरच. जे कमी पडते, तेच वेग ठरवते. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये हाच नियम मांडला. आज हवेत कर्बवायू वाढला आहे, तरी पाणी आणि खत कमी पडले तर पीक वाढत नाही, ते यामुळेच.

१९०५ मध्येच अल्बर्ट हॉवर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या भारतात काम करू लागल्या. बिहारमधील पुसा येथे दोघांनी गव्हाचे सुधारित वाण तयार केले. १९२४ पासून होळकरांच्या इंदुरात त्यांचे काम चाले. तेथील कंपोस्ट खताची पद्धत पुढे जगभर गेली. त्यावरचे पुस्तक अल्बर्ट आणि यशवंत वाड यांच्या नावे १९३१ मध्ये निघाले. गॅब्रिएल १९३० मध्येच वारल्या होत्या. अल्बर्टना १९३४ मध्ये ‘सर’ किताब मिळाला.

मोठ्या मुलांनो, जीसीएसईच्या पुस्तकात मर्यादक घटकांचा आलेख येतो. तेथे गॅब्रिएल यांचे नाव बहुधा सापडणार नाही. तुम्ही मात्र ते वर्गात जरूर सांगा.